उकडलेला पुरावा

"वर्ग तिसरा," वर्गयंत्राने एकशे चाळिसाव्यांदा सांगितलं आणि डॉ. यमुना रणदिवे यांनी वही टेबलावर आपटली.

गुरूच्या युरोपा या चंद्रावरचं 'वेध' स्थानक. बर्फाखालच्या समुद्रात जीव आहेत का, एवढ्या एका प्रश्नासाठी यमुनाबाईंनी इथे दोन वर्षं घालवली होती. उद्या पृथ्वीवरून शोध बंद करण्याचा हुकूम येणार होता.

"बाई, यंत्र बिघडलंय का बघू?" स्थानकाचे अभियंता घोलप म्हणाले.

"यंत्राला काय धाड भरलीय? ते रासायनिक घडण बघतं आणि बोलतं. नुसती अमिनो आम्लं असली, तर वर्ग पहिला, साधी प्रथिनं. त्यांना साखर, मेद किंवा धातू जोडलेला असला, तर दुसरा, संयुग्मी. आपल्या रक्तातलं लोह बाळगणारं प्रथिन त्यातलंच. आणि उष्णतेने विस्कटलेली, ती तिसरा. साधित. उकडलेलं अंडं, दुसरं काय!"

"म्हणजे नमुन्यात प्रथिनं आहेत?"

"आहेत हो! पण तिकडचे शहाणे म्हणतात, उकडलेली आहेत, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातलं खरकटं मिसळलं असणार. मी डाळ शिजवणं सोडलं, तरी तेच!"

घोलपांनी नमुन्याची कुपी उचलली. "अजून कोमट आहे."

"असणारच. शुद्धीकोठीतून आलीय ना. एकशे वीस अंश, वीस मिनिटं. बाहेरचा कुठलाही नमुना तापवल्याशिवाय आत..." बाई थबकल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! घोलप, आपणच उकडतोय! आधी शिजवतो आणि मग शिजलेलं आहे म्हणून फेकून देतो. दोन वर्षं!"

त्यांना स्वतःचा इतका संताप आला, की घोलप "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्या अंतराळपोशाख चढवून, वर्गयंत्र काखोटीला मारून बाहेर पडल्यासुद्धा. आजवर नमुने यांत्रिक हात आणत असे. आज बाईंनी समुद्रापर्यंत खणलेल्या विवराच्या तोंडाशी वाकून बर्फाचा लगदा स्वतःच्या ओंजळीने यंत्रात भरला.

"वर्ग दुसरा. लोह आणि शर्करा जोडलेली."

"सापडलं!" बाई ओरडल्या. डोळे भरून आले आणि पुसताही येईनात. "घोलप, दार उघडा. मला आधी पृथ्वीवरच्या त्या शहाण्यांशी बोलायचंय."

"उघडत नाहीये, बाई." घोलपांचा आवाज पडला होता. "यंत्राने निकाल स्थानकालाही कळवला. जीव सापडल्याबरोबर स्थानकाच्या नियमांतलं कलम नऊ लागू झालं. त्याला स्पर्श झालेलं सगळं कोठीतूनच आत यायचं."

"एकशे वीस अंश?"

"वीस मिनिटं. कोठीला माणूस ओळखता येत नाही. कुलूप पृथ्वीवरूनच निघतं."

"कुठल्या मूर्खाने लिहिलं हे कलम?"

"तुम्हीच, बाई. माणसांसाठी अपवाद ठेवू या म्हटलं, तर माझ्यावरच उखडला होतात."

बाईंनी प्राणवायूचा काटा पाहिला. चार तास. संदेश जाऊन उत्तर यायला दीड तास आणि तिकडे समितीची बैठक बसवायची म्हणजे आठवडा. त्यांना चरफडावं की रडावं कळेना.

"लिहून घ्या, घोलप," शेवटी त्या म्हणाल्या. "दाराबाहेर दोन जिवंत नमुने आहेत, एक यंत्रात आणि एक अंतराळपोशाखात. दोन्ही वर्ग दुसरा. कृपया उकडू नका."