अक्कानं बसवलेले वाल

या हो मायबापहो, असे लांब का बसलात, पुढे सरका... एका बहिणीची गोष्ट सांगतो. गोष्ट लोखंडाची आहे, पण ऐकताना काळीज तेवढे मऊ ठेवा!

सोलापुरात भवानी पेठेतल्या सिद्धप्पा मिस्त्रीच्या ओसरीवर त्या सकाळी जवळच्या गावचे जमीनदार आबासाहेब यांचे कारभारी धोंडीराम पान चघळीत बसले होते, आणि मिस्त्रीची थोरली बहीण शिवबाई पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड उभी होती.

"मिस्त्री, मालकांच्या कानावर लई वंगाळ आलंय," धोंडीराम म्हणाले. "फटफटीच्या इंजिनाला म्हनं तुमच्या विधवा भनीचा हात लागलाय. आवं, मालकाच्या लेकाची वरात निघायची त्या फटफटीवरनं! उद्या मालक सोता येत्यात. बेलभंडारा उचलून सांगा, तिचा हात इंजिनाला न्हाय म्हनून. न्हायतर फटफटी जाईल माघारी, आन् मालकांच्या मोटारींच्या दुरुस्तीचं कामबी गेलंच समजा."

शिवबाईने दाराला कान लावला. आता सिदू बोलेल... आईमागे जिने त्याला पोटाशी धरून वाढवले, तिच्यासाठी आपला सिदू आता एक शब्द तरी बोलेल!

"उचलीन की," सिद्धप्पा म्हणाला.

तांब्यातले पाणी तिच्या पावलांवर सांडले, तेही तिला कळले नाही!

चौदाव्या वर्षी कपाळ पांढरे होऊन ती माहेरी परतली, तेव्हा बाप ईरप्पा, गिरणीतला फिटर, तिला म्हणाला होता, "रडू नगंस, पोरी. ही कानस धर. लोखंड कुनाचं कपाळ बघत न्हाय." बापाची विद्या तिच्या हातात उतरली आणि तिच्या हातातून सिद्धप्पाच्या. कापसाची धूळ छातीत भरून बाप खोकत खोकत गेला. आता गिरणीतून घरी येणारा सिद्धप्पाही तसाच खोकू लागला होता. मोटारींचे काम मिळाले की त्याची गिरणी सुटेल, या एकाच आशेवर शिवबाईने ते इंजिन परसातल्या पत्र्याच्या खोपीत हाती घेतले होते.

ती फटफटी आबासाहेबांच्या थोरल्या भावाने जर्मन लढाईहून आणलेली. तो वारला आणि बारा वर्षे ती वैरणीच्या गंजीमागे पडून राहिली. सिलिंडरात दट्ट्या गंजून असा धरला होता की हातोड्यालाही दाद देईना! शिवबाईने आठ दिवस राकेल मुरवून तो सोडवला. मग वाल. वाल म्हणजे लोखंडी छत्रीसारखी दोन झाकणे. एकातून इंजिन श्वास घेते, दुसऱ्यातून सोडते. ती ज्या गोल कडेवर टेकतात त्या बैठकीवर अशी बसावी लागतात की केसभर वारा निसटता कामा नये. एमरीची, म्हणजे लोखंड घासायच्या कणीदार दगडाची, पूड तेलात कालवून लावायची, दांडी दोन तळव्यांत धरून रवीसारखी घुसळायची, उचलायची, जरा फिरवून पुन्हा टेकवायची. अकरा दिवस तिने हे केले... ओठांवर नाम आणि तळव्यांना फोड! आणि चार दिवसांपूर्वी त्या मेल्या लोखंडाने असा काही हुंकार दिला की अवघी पेठ गोळा झाली. तिथूनच ही चुगली आबासाहेबांच्या गावापर्यंत पोचली.

दुपारी ती सिद्धेश्वराच्या देवळात कीर्तनाला जाऊन बसली. बुवा आख्यान रंगवीत होते, बाया डोळे पुशीत होत्या. पण शिवबाईच्या कानी एकच बोल घुमत होता... 'उचलीन की.' भरल्या कीर्तनातून ती उठून आली. जन्मात पहिल्यांदा!

परसात पाऊल टाकताच तिला खरखर ऐकू आली. इंजिन पुरते खोललेले, जाड एमरीचा डबा उघडा, आणि सिद्धप्पा घामाघूम होऊन वाल घाशीत होता.

"सिदू! आरं काय करतुयास ह्ये?"

त्याने मान वर केली नाही. "अक्का, बेलभंडारा हाय. खोटा उचलू कसा? माज्या चंद्रव्वाचे दोन गर्भ गेले, आता तिसऱ्याला पाचवा म्हयना हाय. खोटी शपत पोटावर यील गं! समदं इंजिन खोलून पुसलं, वाल नव्यानं घासतुया. म्हंजी तुजा हात ऱ्हायला न्हाय इंजिनाला... शपत खरी हुईल."

भाऊ खोटे बोलला असता तर तिने ते गिळले असते... पण हा तिला पुसून टाकीत होता! देवापुढे खरे ठरावे म्हणून!

"पूस, बाबा," ती एवढेच म्हणाली. "पाक पूस."

दुसऱ्या दिवशी आबासाहेब आले. सिद्धप्पाने स्नान करून बेलभंडारा उचलला, "विधवेचा हात आता ह्या इंजिनाला न्हाय," असे स्पष्ट म्हटले आणि किक मारली. पाय सपकन खाली गेला. पुन्हा मारली. तेच! जे इंजिन परवापर्यंत पायाला परत लोटत होते, ते आज वालांतून वारा निसटून फाटक्या भात्यासारखे फुसफुसत होते.

"काय मिस्त्री," आबासाहेब हसले, "घोडं मेलंय का रुसलंय? का नवऱ्या मुलानं वरातीत ढकलत न्यायची?"

"दुपारपातूर वेळ द्या, मालक," सिद्धप्पा अजीजीने म्हणाला. आबासाहेब लिंबाखाली बाजेवर जाऊन बसले.

स्वयंपाकघरात चंद्रव्वाने नणंदेचे पाय धरले. "यव्वा! वन्सं, चला की हो! तुमच्याबगार कुनाला जमतंय त्ये? घटकाभर हात लावा!"

"न्हाय गं," शिवबाईने भावजयीच्या पोटावरून नजर काढून घेतली. "त्यानं बेल उचललाय. आता माजं बोट लागलं तर त्याची शपत बाटल. तुज्या लेकरावर मी ती पडू दीन व्हय?"

अहो, काय हे दैव! जिचे नाव पुसले, तीच त्या पुसण्याची राखण करीत बसली होती!

स्वयंपाकघर आणि खोप यांच्यात नुसता पत्रा होता. पलीकडून भावाची खोकल्याची उबळ आणि एमरीची खरखर ऐकू येत होती. शिवबाईने कितीतरी वेळ कान झाकून घेतले... पण बापासारखाच तो खोकला! शेवटी ती पत्र्याशी सरकली.

"सिदू."

खरखर थांबली.

"जाड एमरी धुऊन काढ. कनभर ठिवू नगंस. बारीक घे."

"...व्हय, अक्का."

"रेटू नगंस. वालाच्या वजनानंच घासू दे. माज्या नामावर फिरव. मी थांबले की उचल."

आणि ती हलक्या स्वरात नाम म्हणू लागली. दोन तास तिचा आवाज चालत होता आणि त्या आवाजावर भावाचे हात. मध्ये एकदा त्याचा हुंदका आला, तेव्हा ती रागाने म्हणाली, "रड मागनं! ताल चुकतुय!" मग तिने वालावर राकेल ओतायला लावले. थेंबही पाझरला नाही.

सिद्धप्पाने इंजिन जुळवून किक मारली. इंजिनाने पाय परत लोटला. तिसऱ्या किकेला असा धडधडाट झाला की लिंबावरचे कावळे उडाले!

"वा रं पठ्ठ्या!" आबासाहेब उठले. "शपत खरी, काम बी खरं! मोटारी तुज्याच. धोंडीराम, मानाचा फेटा आणा!"

पत्र्याआड शिवबाईने डोळे मिटले. संपले. सगळे खरे ठरले... तीच तेवढी नाहीशी झाली!

फेट्याचा पहिला वेढा डोक्याला लागला आणि सिद्धप्पाने हात वर करून तो अडवला.

"मालक, नगं. हिचा गंज माज्या अक्कानं काढला. वाल अकरा दिस तिनंच बसिवले. शपतीपायी मी तिचा हात पुसला, तर इंजिन मेलं. आत्ता जितं झालं ते बी तिच्या तोंडानं. शपत खरी हाय, मालक... मीच खोटा हाय!"

आबासाहेबांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी फेटा स्वतःच्या हाताने सोडून घेतला, घडी केली, आणि म्हणाले, "गाडी बैलगाडीत घाला. वरात घोड्यावरनं निघंल."

काम गेले. गिरणी सुटायची ती राहिली. गडी फटफटी चढवू लागले, तेव्हा पदर डोक्यावर घेऊन शिवबाई भर पुरुषांत ओसरीवर येऊन उभी राहिली.

"मालक, सुरवातीला सावकाश चालवा. वाल ताजे हायेत. रेटलं तर पोळतील."

आबासाहेबांनी मागे पाहिले नाही. पण धोंडीरामांनी दोनदा 'चला' म्हटले, तरी ते क्षणभर जागचे हलले नाहीत.

गाडी गेल्यावर सिद्धप्पा बहिणीच्या पायांवर कोसळला. "अक्का, माफ कर गं!"

"आज माफ केलं म्हनले तर लबाडी हुईल, सिदू," ती म्हणाली, आणि आता कुठे तिच्या डोळ्यांना धार लागली. "तू मला पुसलंस, ते आत लागलंय. लई दिस लागंल. पर चार मान्सांत माजं नाव घेतलंस, पदरातलं सोन्यासारखं काम सोडलंस... तेवढ्यावर मी जगन. ऊठ. भाकरी गार झाली."

त्याने पहिला घास मोडून तिच्या तोंडापुढे धरला. तिने बराच वेळ तोंड उघडले नाही... आणि मग उघडले.

मायबापहो, कथा सरली. हात जोडून एवढेच मागणे, उद्या सकाळी देवापुढे आपापल्या माणसांची नावे घ्याल, तेव्हा एक नाव या बहिणीचेही घ्या... ईरप्पा फिटरची लेक, शिवबाई.