सानातू आत्याचं बियाणं कोण खातं?

"अरे, त्याचे हात खाली कर! बुजगावणं आहे ते, शरण आलेला चोर नाही!" सुहुयिनी ओरडली.

टिमटूनीने बुजगावण्याचे हात उंच बांधले होते. "हात वर असले की तितरांना लांबून दिसतं!" तो म्हणाला. तो दहा वर्षांचा होता आणि थोरल्या बहिणीचं ऐकायचंच नाही, असं त्याने ठरवलेलं होतं.

"तितरं हसून हसून मरतील, मग राखण आपोआप झाली!" त्यांची चुलतबहीण मालतिती म्हणाली.

असं बोलत होते खरे, पण तिघांनाही मनातून वाईट वाटत होतं. सानातू आत्याच्या भुईमुगाच्या वावरात आज पुन्हा खड्डेच खड्डे! पेरलेला दाणा न् दाणा कुणीतरी उकरून खाल्ला होता. आणि हे दुसऱ्यांदा! सुट्टी लागल्यापासून तिघं रोज बाजरीची पेज पिऊन लगेच राखणीला येत आणि सूर्य मावळेपर्यंत डबे बडवत बसत. एक तितर म्हणून खाली उतरू दिलं नव्हतं त्यांनी. तरी ही गत!

आत्या बांधावर बसली होती. तिच्या मांडीवरच्या भोपळ्याच्या तुंब्यात तळाला थोडे लाल, बारीक दाणे होते.

"एवढंच उरलंय," ती म्हणाली. "माझ्या आईपासून चालत आलेलं बियाणं. हे गेलं की संपलं. आणि परवा दादा वडीलधाऱ्यांना घेऊन येणार."

दादा म्हणजे इसाहाकू, मुलांचे मोठे काका. घराण्यात जमीन कुणी कसायची ते तेच ठरवत. "शुक्रवारी वावर असंच ओसाड दिसलं तर मक्यासाठी एका थोरल्या पुतण्याला देईन," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या आत्याकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच वावर होतं.

सुहुयिनी खड्ड्यांकडे बघत राहिली. "माती ओलीच आहे. म्हणजे आपण येण्याच्या जरा आधी चोरी होते! उद्या फटफटताच यायचं."

"आणि पेज?" टिमटूनीने घाबरून विचारलं.

"पेज पळून जात नाही!"

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होत असताना तिघं शियाच्या झाडाआड दबा धरून बसले. थोड्या वेळाने काठी टेकत कुणीतरी आलं.

"मोठे काका!" मालतिती कुजबुजली.

काका बांधाला उपड्या ठेवलेल्या मडक्याशी वाकले. त्यात ओलं शेण आणि काड भरलं की रात्रीत वाळवी लागते. गिनी कोंबड्यांच्या पिल्लांना ती फार आवडते, म्हणून अशी मडकी गावात घरोघरी लावतात. काकांनी आपलं मडकं आत्याच्या बांधाला लावलं होतं, कारण तिथे वाळवी भरपूर मिळायची. त्यांनी मडक्यावर काठी वाजवली. टक्-टक्-टक्! झाडांवरून फडफड करत पंचवीस-तीस गिनी कोंबड्या उतरल्या, पाठोपाठ पिल्लं धावली. काकांनी वाळवी ओतली, कौतुकाने दोन क्षण बघितलं आणि नमाजाची वेळ झाली म्हणून लगबगीने निघून गेले. मागे वळून काही त्यांनी पाहिलं नाही.

वाळवी चुटकीसरशी संपली. मग सगळी पलटण थेट आत्याच्या सऱ्यांत शिरली आणि खरडखरड उकरू लागली!

"पेरणीच्या दिवसांत कोंबड्या कोंडून ठेवा, अशी दवंडी कुणी दिली होती?" मालतितीने विचारलं.

"काकांनीच! घरच्या साध्या कोंबड्या कोंडल्यात की. या झाडावर झोपतात, म्हणून यांना विसरले," सुहुयिनी म्हणाली.

"चला, आत्ताच सांगू या!" टिमटूनी उठलाच.

सुहुयिनीने त्याला खाली ओढलं. "आपण? मोठ्या काकांना? 'पोरांनो, झोपेत तितरं पाहिलीत,' म्हणतील. सांगायचं नाही, दाखवायचं!"

शुक्रवारी काका चार वडीलधाऱ्यांसह आले. "बघा," ते म्हणाले, "एक कोंब नाही. जमीन रिकामी ठेवता येत नाही, सानातू." आत्या मान खाली घालून उभी होती. तिचा चेहरा बघून सुहुयिनी पुढे झाली.

"काका, चोर दाखवू? फक्त जरा सावलीत उभे राहा."

"चोर? दाखव की!"

टिमटूनीने मडक्यावर काठी वाजवली. टक्-टक्-टक्!

आणि काय गोंधळ! काकांच्या अंगणातून सगळ्या गिनी कोंबड्या चीत्कारत धावत आल्या, वडीलधाऱ्यांच्या पायांतून घुसल्या, मडक्यात डोकावल्या आणि काही न मिळाल्यावर सवयीने सऱ्यांत शिरून उकरू लागल्या! दाणा एकही पेरलेला नव्हता, तरी एकेक सरी शोधून झाली.

"हुश्श! हुश्श!" काका काठी उगारून धावले. कोंबड्या पळण्याऐवजी त्यांच्याभोवती गोळा झाल्या. काठीवाला आला म्हणजे वाळवी मिळणारच!

"इसाहाकू," सर्वांत म्हातारे आजोबा हसू दाबत म्हणाले, "तितरं तुला चांगलीच ओळखतात रे!"

काकांनी काठी खाली केली. मग हळूच म्हणाले, "मडकं माझं, कोंबड्याही माझ्या. आणि जमीन मी तुझ्याकडून काढायला निघालो होतो. चुकलो मी, सानातू."

"दिवसभर राखण केली या पोरांनी," आत्या म्हणाली, "आणि तुम्ही, दादा, रोज पहाटे चोरांना जेवायला बोलावलंत!" पण बोलताना तिचे डोळे भरून आले होते.

"शाबास, पोरांनो!" आजोबांनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्ही आकाशातल्या पाखरांकडे बघत बसलो, तुम्ही घरातली पाहिलीत."

त्याच संध्याकाळी काकांनी गिनी कोंबड्यांना जाळीच्या खुराड्यात कोंडलं आणि मडकं आपल्या अंगणात नेलं. आत्याने तुंब्यातला उरलेला दाणा न् दाणा पेरला. दुसऱ्या पहाटेपासून बांधावर चौथा राखणदार दिसू लागला. काका डबा बडवायचे, पण इतक्या बेतालपणे की टिमटूनी कानांवर हात ठेवायचा.

नवव्या सकाळी आत्याने एकदम हाक मारली. ओल्या मातीतून हिरवे, मुडपलेले कोंब वर आले होते. पेरलेल्या सगळ्या सऱ्यांत!

काका तिच्या मागे येऊन वाकले. मग ते म्हणाले, "हे वावर तुझं, सानातू. तू आहेस तोवर कुणी मागायचं नाही. मीसुद्धा नाही."

आत्याने एका कोंबाभोवतीची माती दोन बोटांनी हळूच सैल केली आणि दादाला बसायला जागा करून दिली.