पेंगणारे पहारेकरी

सर्बियातल्या नोवी सादच्या आमच्या प्रयोगशाळेत कॉफी संपली की निम्मं काम थांबतं. त्या दिवशी कॉफी संपली होती, खिडकीबाहेर चेरी फुलली होती आणि मी नेहमीसारखीच दमले होते. शेजारच्या टेबलावरची इस्क्रा माझ्याजवळ आली. गुणी पोर, पण तीन गर्भ गमावलेली.

"दोब्रिलाताई, पुन्हा राहिलंय. माझं एक काम कराल?"

दारावरचा स्तोयान तेवढ्यात कॉफीची पुडी घेऊन आला. "नाही म्हणू नका हं, डॉक्टरीणबाई! गरोदर बाईला नाही म्हटलं की उंदीर कपडे कुरतडतात. माझ्या मेव्हण्याची लग्नातली पँट गेली अशीच!"

आम्ही हसलो. पण आमच्याकडे गरोदर बाईला खरंच कुणी नाही म्हणत नाही. मीही म्हटलं नाही.

गर्भ आईला अर्धा परकाच. तिच्या रक्तातल्या पहारेकरी पेशींनी खरं तर त्याला मारायला हवं. पण गर्भाशयाचं अस्तर एक एन्झाइम तयार करतं. ते या पेशींचा खुराकच फस्त करतं आणि उपाशी पहारेकरी पेंगत बसतात. इस्क्राच्या अस्तरात ते एन्झाइम जवळजवळ नव्हतंच. मागच्या गर्भपातानंतरचा तुकडा आम्ही गोठवून ठेवला होता, त्यात गर्भाच्याही पेशी होत्या. त्यावर माझ्या ताज्या रक्तातले पहारेकरी सोडून बघा, एवढंच तिचं मागणं.

सोडले. काचेच्या बशीत गर्भाच्या पेशींची नुसती कत्तल झाली. मला तिच्याकडे बघवेना.

"बशी फेकू नका ताई," ती म्हणाली. "माझ्याजवळ राहू दे."

राहू दिली. आठवड्याभरात बशीतले पहारेकरी पेंगायला लागले. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली.

मग खोड म्हणून मी तपासत बसले. एन्झाइम बंद पाडणारं औषध घातलं, तरी पहारेकरी ढिम्म. बशीत बुरशी शिरून पसरली, तरी ढिम्म. शेवटी माझ्या स्वतःच्या रक्तातले पहारेकरी सोडले. तेही पेंगले. म्हणजे हे एन्झाइमचं काम नव्हतंच.

उन्हाळ्यात इस्क्राचं पोट दिसायला लागलं. तिनं खिडकीजवळची प्राध्यापकांची खोली मागितली, त्यांनी दिली. माझ्या आईनं विणलेली शाल मागितली, मी दिली. ती शाल ती सतत पोटावर घेऊन बसायची. कुणाला काही खटकत नव्हतं. आम्हा सगळ्यांना झोप मात्र फार यायची. कॉफीनंही काही होत नसे.

नाताळाच्या आत बाळ यायचं होतं. नाताळ होऊन गेला. डॅन्यूबच्या काठाचं बर्फ वितळलं. तिची डॉक्टरीण म्हणाली, "सगळं छान आहे," आणि तिनं जांभई दिली.

आज सकाळी खिडकीबाहेर चेरी पुन्हा फुललेली दिसली. मी तडक तिच्या खोलीत गेले.

"इस्क्रा, ऊठ. आत्ता हॉस्पिटलला जायचं."

"नको ना ताई." ती समाधानानं हसली. "त्याला आत बरं वाटतंय. कुणाला काही सांगू नका. एवढं ऐका माझं."

शालीखाली पोट सावकाश हललं. कुणीतरी अंथरुणात कूस बदलावी तसं.

"बरं" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हणाले. वर्षभरात तिला कुणी पहिल्यांदाच नाही म्हटलं असेल.

मी फोन उचलून हॉस्पिटलचा नंबर लावला.

ती रागावली नाही. पोटावरची शाल काढून तिनं माझ्यापुढे धरली.

"मग ही घेऊन जा तुमची."

शाल कुरतडलेली होती, पोटाला टेकणाऱ्या बाजूनं. मी ती उजेडात धरली. उंदराच्या दातांच्या खुणा मी ओळखते, प्रयोगशाळेत जन्म गेलाय. या तशा नव्हत्या. बारीक, बोथट, एका ओळीत. दुधाच्या दातांच्या.

फोनवर पलीकडून कुणीतरी हॅलो, हॅलो म्हणत होतं. मला फार झोप आली होती. मी फोन खाली ठेवला.