आत येऊ का

मी नोकरीत नेमकं काय करते, हे आईला अजून पटवून देता आलेलं नाही. इंटरनेटवर काही शोधलं की निकालात आधी एक निळी ओळ येते आणि तिच्याखाली दोन ओळींची माहिती. निळी ओळ म्हणजे टायटल, खालची माहिती म्हणजे डिस्क्रिप्शन. लोकांच्या वेबसाइटसाठी ही दोन्ही मी लिहिते. "एवढ्याचा पगार देतात?" आई विचारते. देतात. कोलकात्यात, सॉल्ट लेकला सेक्टर फाइव्हमध्ये काचेच्या इमारतीत बसवून देतात, वर दुपारी चहा पाजतात.

कामाचे नियम सोपे आहेत. टायटल लांबलं तर त्याचं शेपूट कापलं जातं, म्हणून आटोपशीर लिहायचं. डिस्क्रिप्शनमध्ये माणसाला आत बोलवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोक काय टाइप करून शोधतायत ते रिपोर्टमध्ये बघायचं. एखाद्या प्रश्नाला आपलं पान पुष्कळ वेळा दिसतंय पण कोणी उघडत नाहीये, असं आढळलं तर तोच प्रश्न उचलून त्याचं उत्तर डिस्क्रिप्शनमध्ये घालायचं. विचारणारा दारात ताटकळलाय, त्याला फक्त 'या' म्हणायचं बाकी आहे, असं मी नव्या मुलांना शिकवते. त्यांना ते फार आवडतं.

आता कालिंदीकाकू. मी साताऱ्याहून कोलकात्याला आले तेव्हा कोणाच्या तरी हळदीकुंकवात त्या भेटल्या आणि "रविवारी जेवायला ये" म्हणाल्या. तेव्हापासूनचे बहुतेक रविवार मी त्यांच्याकडे बेहालाला काढलेत. त्यांचे यजमान श्यामसुंदरकाका गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, गॅलरीत तुळस आणि जिन्यात कायमचा गेलेला दिवा. एकुलता एक मुलगा तन्मय पुण्यात. त्याने यंदा हट्टच धरला होता, की दिवाळी झाली की दोघांनी तिकडे यायचं.

काकूंना जायचं नव्हतं. पुण्यात गल्लोगल्ली फराळ मिळतो, तिथे त्यांच्या चकलीला कोण विचारणार? इथे त्या चार घरांना फराळ करून देत. चाराची चाळीस घरं झाली तर इथेच राहू, असा त्यांनी तन्मयशी करार केला होता. त्यांना जाऊ द्यायचं मलाही नव्हतं. त्या गेल्या असत्या तर या एवढ्या मोठ्या शहरात माझी वाट बघणारं कोणी उरलं नसतं. म्हणून दुर्गापूजेचे मांडव उतरत होते त्याच आठवड्यात मी त्यांची वेबसाइट करून दिली. टायटल लिहिलं, "चकली, अनारसे, चिरोटे | कालिंदीकाकूंचा मराठी फराळ, बेहाला". काकूंनी ते तीनदा वाचलं आणि काकांना वाचायला लावलं.

"यात माझं नाव कुठे आहे?" काका म्हणाले.

"तुम्ही चकली पाडता का?" काकूंनी विचारलं. विषय संपला.

सुरुवातीला रिपोर्टमध्ये अपेक्षित तेच होतं. 'मराठी फराळ कोलकाता', 'अनारसे कुठे मिळतील', बंगालीतून विचारलेलं 'चकली म्हणजे काय'. ऑर्डरी येत होत्या, पण तुरळक. मग एका दुपारी त्या यादीच्या तळाशी मराठीत लिहिलेली एक ओळ दिसली.

'आत येऊ का'.

मला हसू आलं. शोधायची म्हणून ही काय गोष्ट आहे? पण आकडा बघून मी खुर्ची पुढे ओढली. एकट्यादुकट्याने विचारलेलं रिपोर्टमध्ये येतच नाही, बऱ्याच जणांनी विचारावं लागतं. आणि हे शेकडो वेळा विचारलं गेलं होतं. प्रत्येक वेळी काकूंचं पान समोर आलं होतं आणि कोणीही ते उघडलं नव्हतं. कुठल्या देशातून विचारलं, फोनवरून की कॉम्प्युटरवरून, ते रकाने रिकामे होते.

शेजारी बसणाऱ्या शंतनुला मी ते दाखवलं. त्याला मराठी येत नाही, म्हणून हिंदीत अर्थ सांगितला. "कोणाचा तरी प्रोग्राम असणार," तो म्हणाला. "सोडून दे."

पण सवय हो, दुसरं काय. इतके लोक विचारतायत आणि उत्तर नाही, हे माझ्या डोळ्यांना खुपतं. मी डिस्क्रिप्शन उघडलं आणि लिहिलं, "आत येऊ का? या की. दार उघडंच आहे, आपलंच घर समजा." वाचून बघितलं. घरगुती वाटत होतं, काकूंना शोभेल असं. सेव्ह केलं आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी त्या ओळीसमोर एक क्लिक होता. एकच. त्यानंतर तो प्रश्न परत कोणी विचारला नाही.

ऑर्डरी मात्र धो धो सुरू झाल्या. गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समधून, सॉल्ट लेकच्या बँकवाल्यांकडून. खालच्या मजल्यावरच्या बंगाली बाई तर "माशीमा, ओई गोल गोल जिनिशटा" म्हणजे मावशी, ती गोल गोल वस्तू, असं म्हणत चकलीसाठी रोज वर यायला लागल्या. मी ऑफिसात मिरवत होते. माझ्या दोन ओळींनी हे केलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

रविवारी बेहालाला गेले तर जिन्यातला दिवा लागलेला. "कोणी दुरुस्त केला?" मी विचारलं.

"आपोआप लागला," काका पेपर खाली न करता म्हणाले.

घरभर तळणीचा आणि वेलदोड्याचा वास होता. काकू ट्रेमधून चहा घेऊन आल्या. एक कप मला, एक काकांना. तिसरा त्यांनी दिवाणाच्या कोपऱ्यात, माझ्या शेजारी ठेवला.

"तुम्ही इथे बसताय?" मी सरकले.

"नाही गं, मी आत घेते माझा. तू बस सावकाश."

सरकताना माझा हात दिवाणावर टेकला. तिथली गादी जराशी दबलेली होती आणि उबदार होती. खिडकीतून ऊन येत असेल म्हणून मी बघितलं. त्या खोलीला खिडकी उत्तरेची आहे, तिथे ऊन येत नाही. मग काका वरच्या मजल्यावर कोण नवीन राहायला आलंय ते सांगायला लागले, मी ऐकत राहिले, आणि पुन्हा नजर गेली तेव्हा तिसरा कप रिकामा होता.

मी काकांकडे बघितलं. काकांचा कप त्यांच्याच हातात होता.

"त्रास काही नाही गं त्याचा," काका म्हणाले. "फक्त पंखा बंद करतो सारखा. थंडी वाजत असेल."

मी स्वयंपाकघरात गेले. काकू चिरोटे तळत होत्या आणि मजेत सांगत होत्या. कढईतलं तेल तापलं की झारा हाताशी येतो. काकांचा चष्मा आता पेपरवरच सापडतो. डब्यांची झाकणं घट्ट लागलेली असतात. "माणूस मनमिळाऊ आहे," त्या म्हणाल्या. "बोलत नाही एवढंच."

"काकू, कोण माणूस?"

"ते मी कसं विचारू? तूच लिहिलंस ना, आपलंच घर समजा."

मी वळून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाकडे बघितलं. काकूंनी पुढचा चिरोटा सोडला, तो तेलात पाकळी पाकळी सुटत फुलला.

"आणि आता पुण्याला जायचा प्रश्नच मिटला," त्या म्हणाल्या. "घरात पाहुणा असताना कुलूप लावून कशी जाऊ? कधी निघणार म्हणून विचारायचं का त्याला? आपल्याकडे असं विचारतात?"

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. भीती वाटत होती आणि तरी आनंद झाला. परतताना बसमध्ये मी दोनदा फोन काढला. ती ओळ पुसायला मिनिटही लागलं नसतं. पण ओळ पुसली, तो गेला, आणि मग काकूही गेल्या तर? मी फोन पर्समध्ये टाकला. एक कप गरम चहा, एक पंखा. एवढ्याने कोणाचं काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावलं.

निघण्याआधी एक काम मी केलं होतं. कुठला पदार्थ संपला, कुठला आहे, हे रोज बदलत होतं, म्हणून डिस्क्रिप्शन कसं बदलायचं ते काकूंना शिकवलं आणि रिपोर्टही त्यांच्या फोनवर चालू करून दिला. त्यांना माझे नियम एका दमात कळले. नव्या मुलांना आठवडा लागतो.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी ऑफिसात रिपोर्ट उघडला. सगळ्यात वर, चकलीच्याही वर, नवी ओळ होती.

'बाकीच्यांना आणू का'.

आकडा मी दोनदा वाचला. मग शंतनुला हाक मारणार होते, पण मारली नाही.

या वेळी उत्तर लिहायचं नाही, असं मी ठरवलं. मी काकूंना फोन लावला.

"अगं, ते होय?" काकू म्हणाल्या. "ते मी सकाळीच लिहिलं. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, तूच नाही का शिकवलंस?"

मी शोधून बघितलं. निळ्या ओळीखाली काकूंच्या शब्दांत लिहिलेलं होतं, "सहकुटुंब सहपरिवार अगत्य या."

रिपोर्ट एक दिवस मागे चालतो. आज काय झालं ते आज त्यात दिसत नाही.

"काकू," मी म्हटलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"एकदम. तन्मयला कळवून टाकलं, आम्ही काही येत नाही. तुझे काका म्हणतात, पंख्याची पातीच काढून ठेवतो आता."

त्यांच्या मागे चकली मोडल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग एकदम पुष्कळ.

"नूपुर, उद्या येताना स्टीलच्या वाट्या घेऊन येशील?"

"किती आणू?"

"ते मला कसं कळणार, बाई. आण पुष्कळ. पण लहान आण," काकू म्हणाल्या. "वरच्या फळीवरचे डबे जसेच्या तसे आहेत. खालच्या फळीवरचे तेवढे सगळे रिकामे झालेत."