टिश्यूचं पाकीट

सिंगापुरात, पाया लेबारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, दुपारी एक वाजता रिकामं टेबल मिळायला नशीब लागतं. मी इथल्या रिवाजाप्रमाणे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, म्हणजे जागा धरली, मी परत येतेय, आणि नूडल्स आणायला गेले. येऊन बघते तर काय, एक उंचापुरा माणूस माझ्या खुर्चीत बसून माझ्याच टिश्यूने घाम पुसतोय!

"काय बावळट आहे," मी पुटपुटले.

"बावळट नाही हो… कालच बोटीवरून उतरलोय," तो म्हणाला. चक्क मराठीत. आणि वर हसला. मेला हसायचाही छान.

हा रुचिर. मरीन इंजिनिअर, मूळचा मुरूडचा. पुढची बोट मिळेपर्यंत सहा आठवडे इथेच होता. वापरलेलं पाकीट भरून देतो म्हणाला आणि रोज एक वाजता नवं पाकीट घेऊन हजर व्हायला लागला. आठवड्याभरात अहो-जाहो कधी गळालं, ते दोघांनाही कळलं नाही.

मी बालमानसतज्ज्ञ. युद्धातून सुटलेल्या मुलांसाठी आमचं ऑफिस तेव्हा एक खेळपेटी तयार करत होतं. त्यात बाहुल्या, रंग, माती आणि निर्वासितांच्या छावणीतल्या ताईने मुलांबरोबर तास कसा घालवायचा याचं पुस्तक. सगळं जमलं होतं, फक्त शेवट जमत नव्हता. ताई निघाली की मुलं तिचा हात सोडायची नाहीत, आकांत करायची. मी निरोपाची तीन गाणी लिहिली, तिन्ही फसली.

रुचिरला सांगितलं, तर त्याला त्याची आई आठवली. ती म्हणे घरातून निघताना कधी 'जातो' म्हणू द्यायची नाही, 'येतो' म्हण म्हणायची. मी चिडलेच. या मुलांचे बाबाही येतो म्हणूनच गेले होते, म्हटलं.

तो टेबलावरचं पाकीट उगाच फिरवत राहिला.

"मग नुसतं म्हणू नये," तो हळूच म्हणाला. "वार सांगावा. आणि आपलं काहीतरी ठेवून जावं."

पुस्तकाचं शेवटचं पान असं झालं. ताईने आपली एखादी वस्तू मुलाकडे ठेवायची, परत येण्याचा वार सांगायचा. आणि वार नक्की नसेल तर येते म्हणायचंच नाही.

दोन आठवड्यांनी छावणीतून पत्र आलं. कुणाशीच न बोलणाऱ्या एका मुलीने ताईची केसातली पिन सोमवारपासून मुठीत जपली होती. गुरुवारी तिने ती परत दिली आणि म्हणाली, उशीर केलास. मी ते वाचून दाखवताना इतकी रडले, की रुचिरचं त्या दिवशीचं पाकीट तिथेच संपलं.

मग त्याला बोट मिळाली. शेवटच्या दुपारी बाहेर पाऊस कोसळत होता, आणि मी एका शब्दासाठी जीव मुठीत धरून बसले होते. आवडायला लागला होता ना तो मला! खूप.

तो बॅग उचलून उभा राहिला. "जातो," म्हणाला.

"येतो म्हण की…"

"बोट लढाईच्या बाजूने जाणार आहे, क्षिप्रा. वार माहीत नाही. तुझाच नियम."

मला इतका राग आला की मी ताटलीतून मान वर केली नाही. केली तेव्हा तो गेला होता, आणि समोरच्या जागेवर टिश्यूचं एक न फोडलेलं पाकीट होतं.

दहा महिने मी ते पाकीट रोज समोर ठेवून जेवले. नूडल्सवाली आँटी हसायची, "युअर फ्रेंड सो स्लो, लाह." मीही हसायचे. घरी जाऊन मात्र बातम्या बघत बसायचे.

गेल्या मंगळवारी त्याचा मेसेज आला. चारच शब्द. गुरुवार, एक वाजता, येतो.

गुरुवारी एक वाजून सात मिनिटांनी कुणीतरी समोर बसलं, ते पाकीट फोडलं आणि घाम पुसायला लागलं. दहा महिने ठरवून ठेवलेलं मला एकही वाक्य आठवेना.

"उशीर केलास," मी म्हणाले.