बरकतभाईंची नाडी

“माझ्या नवऱ्याला कुणीतरी मारतंय,” शमीमबी म्हणाल्या, “आणि ते माझ्याच हातानं मारतंय.”

रंगरावांच्या हातातलं कांदाभजं तोंडाच्या वाटेवर थांबलं. इंदुताईंनी मात्र नुसता चष्मा वर सरकवला. चिंचवडात पिठाच्या गिरणीवरच्या या खोलीत त्या दोघांचं खाजगी चौकशीचं कार्यालय होतं. खाली गिरणी सुरू असली की वर टेबल, पेले आणि माणसं सगळीच थरथरत. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या वैशाखात शमीमबी थरथरत होत्या ते मात्र गिरणीमुळे नव्हे.

“सुरुवातीपासून सांगा,” इंदुताई म्हणाल्या.

शमीमबींचे यजमान बरकतभाई पिंपरीत एका कंपनीच्या फाटकासमोर सायकली दुरुस्त करत. थोरले दीर रहिमान त्याच दुकानात होते. धडधाकट माणूस. गेल्या वर्षी डोक्यावर कंपनीचा पाळीचा भोंगा वाजला आणि ते उभ्या उभ्या कोसळले. पुन्हा उठले नाहीत. पुढे बरकतभाईंनाही भोंग्याला भोवळ आली, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी छातीचा कार्डिओग्राम, म्हणजे ठोक्यांची पट्टी, काढली.

“डॉक्टर म्हणाले, आजार रक्तातला हाय. दिलातली वीज चुकती. एकदम मोठा आवाज झाला की ठोका बंद पडू शकतो. गोळी दिली, दिवसातनं तीनदा. त्यानं नाडी सावकाश राहती. आणि बजावलं, गोळी अचानक बंद करू नका, ते सगळ्यात वाईट.”

“मग?”

“परवा नाडी बघितली आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, बाई, नाडी धावतीया, हा माणूस गोळी घेत न्हाई. आता काय सांगू ताई? मी माझ्या हातानं गोळी देते. माझ्यासमोर पाणी पितात. बाटलीतल्या गोळ्या बरोबर कमी होतात. मग त्या गोळ्याच खोट्या असणार ना?”

“बाटली आणतं कोण?”

“धाकटे दीर. फारूक.”

रंगरावांनी भजं खाऊन टाकलं. त्यांच्या मते प्रकरण निकालात निघालं होतं. कंपनीच्या भांडारात तीस वर्षं काढल्यावर त्यांना एवढं कळत होतं, की माल बिघडला तर आणणाऱ्याला धरावं.

“घरात आणखी कोण?” इंदुताईंनी विचारलं.

“पोरगी, गुलशन. पुढच्या महिन्यात निकाह. चाकणच्या कांद्याच्या व्यापाऱ्याचं घर हाय.”

“डॉक्टरांनी बाकीच्यांच्या पट्ट्या काढायला सांगितलं असेल.”

“फारूकची काढली. साफ निघाली. गुलशनचं मात्र आमचे हे म्हणाले, निकाहनंतर बघू. लग्नाच्या पोरीला दवाखान्यात नेलं की लोक धा तोंडांनी बोलतात.”

इंदुताईंनी शमीमबींनी सोबत आणलेल्या बाटलीतली एक गोळी घेतली, कोपरा मोडून जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. “कडू जहर. चला रंगराव, तुमची सायकल काढा.”

“पण माझी सायकल ठीक आहे.”

“तिचं मागचं चाक आता बिघडणार आहे.”

बरकतभाईंच्या दुकानाला लागूनच नानासाहेबांचं औषधांचं दुकान होतं. नानासाहेबांकडे दोन गोष्टींचा साठा कधी संपत नसे, एक गोळ्यांचा आणि दुसरा गावच्या बातम्यांचा. इंदुताईंनी तीच गोळी मागितली तेव्हा त्यांनी मान हलवली.

“चिठ्ठीशिवाय नाही. एकच गिऱ्हाईक आहे तिचं, शेजारचा बरकत. त्याच्यापुरती पुण्याहून मागवतो. एक जास्त गेली तरी मला कळतं आणि मला कळलं म्हणजे,” ते स्वतःच हसले, “बाजाराला कळलं.”

इंदुताईंनी सीलबंद बाटली फोडून घेण्याइतकी त्यांची मनधरणी केली आणि गोळी चाखली. तेच रूप, तोच छाप, तीच कडू चव.

“बिचारा बरकत,” नानासाहेब आपण होऊन सुरू झाले. “हिवाळ्यात पोरगी डबा घेऊन आली होती, भोंगा झाला आणि ती दुकानात भोवळ येऊन पडली. उपास होता म्हणाला. मीच ग्लुकोज दिलं. हात जोडून म्हणाला, कुणाला सांगू नका. आपण कशाला सांगतो?”

रंगरावांना हसू आवरेना. बाहेर येताच ते कुजबुजले, “म्हणजे गोळ्या खऱ्या आहेत. दुकानदार सुटला. फारूक घरी नेताना बदलत असणार.”

“बदललेली गोळी एवढी कडू कशी लागेल?”

“कडुलिंबाची असेल.”

“रंगराव, तुम्ही म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.”

बरकतभाई उकिडवे बसून चाकाचा आस जुळवत होते. खांद्यानं रुंद, चेहऱ्यानं ओढलेले. समोर ग्रीसची डबी, उजव्या हातात पाना. इंदुताईंनी चहा मागवला. बरकतभाईंनी पाना ठेवून त्याच हातानं पेला उचलला, चहा प्यायले, पेला ठेवला, रस्त्यानं जाणाऱ्याला हात केला, दाढी खाजवली, आणि मग तोच हात चाकावर नेऊन तळव्याच्या घडीतून बेअरिंगचा एकेक छर्रा आसात बसवू लागले. इतका वेळ ते छर्रे हातातच होते.

“कमाल आहे,” रंगराव म्हणाले. “एकही पडला नाही.”

“खाली ठिवला की मातीत जातो,” बरकतभाई म्हणाले. “मिस्त्रीचा तळवा हाच खिसा, साहेब.”

तेवढ्यात भोंगा वाजला.

रस्ता क्षणभर गोठला. रंगरावांनी जन्मभर हा भोंगा ऐकला होता. पण समोरच्या माणसाकडे बघत तो कधी ऐकला नव्हता. बरकतभाईंनी सायकलीचा दांडा घट्ट धरला. ओठ पांढरे पडले. भोंगा थांबता थांबत नव्हता. थांबला तेव्हा त्यांनी दांडा सोडला आणि कपाळाचा घाम सदऱ्याच्या बाहीनं पुसला.

“दुकान लांब का नेत नाही?” रंगरावांनी न राहवून विचारलं.

“पिंपरीत भोंगा कुठं ऐकू येत न्हाई, साहेब?”

मिस्त्री जेवायला घरी निघाले आणि त्यांच्या मागोमाग हे दोघं पिंपळे गुरवला पोचले. शमीमबींनी आधी ठरल्याप्रमाणे सांगितलं, की या इंदुताई लग्नाच्या तयारीला हातभार लावायला आल्यात. “म्हंजे मघाची गिऱ्हाईकं घरचीच निघाली की,” म्हणत बरकतभाई हातपाय धुवायला मागे गेले.

फारूक नुकताच पहिली शिफ्ट करून आला होता. इंदुताईंनी बाटलीचं नाव काढताच तो भडकला.

“वैनींनी आणलं ना तुम्हाला? माझ्यावरच संशय. मी म्हणलं होतं, दुकान विकून चाकणला गॅरेज टाकू. म्हणजे भावाला मारायला निघालो व्हय? ताई, एक भाऊ त्या भोंग्याखाली गेला. दुसऱ्याला तिथनं उठवायचं म्हणून ओव्हरटाइम मारून मरतोय मी.”

रंगराव जमिनीकडे बघू लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपण निघालो होतो, हे त्यांना तेव्हा उमगलं आणि वाईट वाटलं.

गुलशननं पाण्याचे पेले आणले. पेला घेताना तिची बोटं रंगरावांच्या हाताला लागली आणि ते दचकले. बोटं गारठून गेली होती.

“माठातलं पाणी उपसत होतीस का, पोरी?”

“न्हाई काका. चुलीपुढंच होते, भाकरी भाजत.”

“तब्येत बरी आहे ना?” इंदुताईंनी विचारलं.

“आता बरी हाय. हिवाळ्यात चक्कर यायची. आता येत न्हाई. जिना चढताना पाय तेवढे जड होतात.”

शमीमबी कौतुकानं म्हणाल्या, “अब्बाच्या काढ्याचा गुण. जन्मात चूल न फुंकलेला माणूस, पण दोन महिने झाले, पोरीला काडेचिराइताचा काढा स्वतः करून देतोय. नवरीचं रक्त साफ व्हावं म्हणून. दिवसातनं तीनदा. मला हात लावू देत न्हाई.”

“दुकानात असले की?”

“दुपारी जेवायला येतात की. तेव्हा देतात.”

इंदुताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. रंगरावांनी ते पाहिलं. बाई असा चष्मा पुसू लागल्या की काहीतरी वाईट निघतं, हा अनुभव होता.

जेवणं झाली. शमीमबींनी सगळ्यांदेखत बाटली उघडली आणि गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. रंगराव डोळ्यांत तेल घालून बघत होते. बरकतभाईंनी हात तोंडाशी नेला, मान मागे टाकली, तांब्यानं घटाघट पाणी प्यायले आणि दाढी पुसली. यात कसला घोटाळा? गोळी बाटलीतून हातात, हातातून तोंडात. मधे चोराला उभं राहायलाही जागा नव्हती.

“गुलशनचा काढा राहिला,” म्हणत बरकतभाई उठले आणि चुलीकडे वळले.

“बरकतभाई,” इंदुताई शांतपणे म्हणाल्या, “आधी उजवी मूठ उघडा.”

बरकतभाईंनी इंदुताईंकडे पाहिलं, मग बायकोकडे. मूठ सावकाश उघडली. तळव्याच्या घडीत पांढरी गोळी होती.

शमीमबींनी ती गोळी पाहिली, मग हातातली बाटली.

“मी वीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर बायकांची झडती घेतली,” इंदुताई म्हणाल्या. “हातात काय काय मावतं ते मला ठाऊक आहे. गोळ्या खऱ्या होत्या, ते दोन्ही बाटल्या चाखून कळलं. बाटलीतून त्या रोज कमी होत होत्या. तरी यांची नाडी धावत होती. मग गोळ्या जातात कुठे? ज्याच्या अंगात जातात त्याची नाडी सावकाश झाली असणार. या घरात असं कोण, एवढंच शोधायचं होतं. आपण बाहेर चोर शोधत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

त्यांनी गुलशनचं मनगट हातात घेतलं आणि थोडा वेळ धरून ठेवलं.

“वैशाखाचं ऊन, चुलीपुढचं बसणं, आणि हात बर्फासारखे. पाय जड. ही गोळी कुणाकुणाला असं करते. हिची नाडी बघा रंगराव, किती संथ आहे. हिवाळ्यात भोंग्याला ही पडली ते पाहिलं दोघांनीच, नानासाहेबांनी आणि हिच्या बापानं. नानासाहेबांना ती चक्कर वाटली. बापानं तसंच पडलेलं आपलं माणूस आधी पाहिलं होतं. त्यानंतर घरात काढा सुरू झाला. काढा लोक सकाळी एकदा घेतात. इथे तीनदा, गोळीच्याच वेळेला. आणि काडेचिराइतात कसलाही कडूपणा लपतो.”

“माझ्या काढ्यात?” गुलशननं विचारलं. “अब्बा?”

बरकतभाई भिंतीला टेकले होते.

“दुसरी बाटली मागायची तर डॉक्टरांना पोरगी दाखवावी लागती,” ते म्हणाले. “नानासाहेबांकडनं आणावी लागती. संध्याकाळपर्यंत चाकणला कळलं असतं. रहिमानभाईच्या पोरीची सोयरीक अशीच मोडली, त्या घरात दिलाची बीमारी हाय म्हणून. बाटली एक. माणसं दोन. मी जगून घेतलंय.”

“मला तरी सांगायचं,” शमीमबी म्हणाल्या. “रोज माझ्या हातनं गोळी घेतली आणि मला फसवलं.”

“सांगितलं असतं तर तू मला गिळायला लावली असती.”

“व्हय, लावली असती.”

फारूकनं तोंड फिरवलं होतं. रंगरावांना वाटलं, इथेच थांबावं, उठावं आणि निघावं. बापानं लेकीसाठी केलं, झालं. पण इंदुताई उठल्या नाहीत.

“तुम्ही मायेनं केलंत, बरकतभाई, पण पुढचा महिना आठवला नाही तुम्हाला. निकाहनंतर ही चाकणला जाईल. तिथे काढा कोण देणार?”

बरकतभाईंनी मान वर केली.

“आपण काय घेत होतो ते आजवर हिला माहीत नव्हतं. सासरी माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. ही गोळी ज्या दिवशी अचानक बंद होईल, तो दिवस सगळ्यात वाईट, हे डॉक्टरांनी तुम्हा दोघांना बजावलं होतं. तिथल्या बाजारात ट्रकांचे हॉर्न काय कमी आहेत?”

ओसरीवर माश्या घोंगावत होत्या. बरकतभाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते रंगरावांना बघवेना. भोंगा झाला तेव्हाही तो चेहरा असा झाला नव्हता.

“मी मारली असती तिला,” ते म्हणाले. “नवरीच्या कपड्यात.”

गुलशन उठली. तिनं डोळे पुसले आणि ओढणी नीट केली.

“चाचा, कुणाचा तरी टेम्पो बघा. आज दवाखाना उघडा हाय तोवर पुण्याला जायचं. अब्बा आणि मी दोघं.”

“आणि चाकणवाल्यांना?” शमीमबींनी विचारलं.

“पट्टी निघाली की मी आणि तू जाऊन सांगायचं. दुसऱ्याकडनं कळण्याआधी. त्या पोराशी दोन शब्द मला स्वतः बोलायचेत.”

“मोडतील, बेटा.”

“मोडू दे. आपण दोघं जिवंत तर राहू.”

फारूक टेम्पोसाठी धावला. बरकतभाई अजून मूठ उघडी ठेवून उभे होते. ती मिटायची त्यांना आठवणच नव्हती. गुलशननं त्यांच्या तळव्यातली गोळी उचलली आणि तांब्या घेऊन समोर उभी राहिली.

“आ करा, अब्बा.”

“तुझी दुपारची राहती, बेटा. ही तू घे.”

“माझी मी त्या बाटलीतनं घेते. डॉक्टर काय सांगतात ते तासाभरात कळंलच. ही तुमची हाय.”

बरकतभाईंनी तोंड उघडलं. तिनं गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं आणि त्यांचा गळा हलेपर्यंत बघत राहिली. तरी तिचं समाधान झालं नाही.

“जीभ उचलून दाखवा.”

त्यांनी दाखवली. मग दोन्ही हात पसरून दाखवले, आणि तसेच रडू लागले.