हलक्या धक्क्याची रायफल

पूर्व टेक्ससच्या त्या तांबड्या मातीत ओर्लीन टिडवेल रोज सकाळची प्रार्थना आटोपली की आधी नवऱ्याची कबर झाडून घ्यायची. तिकडची जुनी रीतच तशी. कबरीवर गवताचं पातंही दिसता कामा नये. डॉईलला तिने घरामागच्या पेकनच्या झाडांखाली, त्याच्या लाडक्या अवजड रायफलीसकट पुरलं होतं.

अक्रोडासारखे ते पेकन गळायला लागले आणि ते खायला रानडुकरं आली. एका सुळेवाल्या नराने कबरीचा कोपराच उकरला. मुलाने फोनवर निक्षून सांगितलं, "पुन्हा उकरलं, तर बाबांना गावच्या दफनभूमीत हलवायचं."

ओर्लीनच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. तिने हलक्या धक्क्याची, बार उडताना खांद्याला फारसा हिसका न देणारी रायफल आणली.

"मिस ओर्लीन, हिनं डुकराला गुदगुल्या होतील," तिकडच्या रीतीने विधवेलाही आदराने 'मिस' म्हणणारा शेजारचा हॉलिस हसला.

"होऊ देत. तू दुर्बीण धर आणि तोंड मिट."

उन्हं कलताना दोघं जुन्या ट्रेलरआड बसली. नर आला तो थेट कबरीवर. त्याने मातीत नाक खुपसलं.

ओर्लीनने श्वास रोखून चाप ओढला.

बार दणाणला. कावळे उडाले. नर जागीच कोसळला.

"देवा! एवढुशा रायफलीचा एवढा आवाज?" हॉलिस म्हणाला.

ओर्लीन खांदा चाचपत होती. धक्का बसलाच नव्हता, हलकासुद्धा. नळी थंडगार. चाप अडवून धरणारा सेफ्टीचा खटका काढायचाच राहून गेला होता. काडतूस भरायचा बोल्ट मागे ओढला, तर आत काडतूस अख्खं.

हॉलिसने डुक्कर फाडलं. गोळी पोटातून शिरून वर पाठीत रुतली होती. अंगठ्याएवढी जाड. ती कुठल्या रायफलीची, हे त्याला सांगावं लागलं नाही. तो सुरी पुसतच राहिला.

"मिस ओर्लीन, हलवू या त्यांना. उद्याच."

"का म्हणून? तो आपली जागा राखतोय. मीही राखीन. जा तू घरी."

तो गेला. तिने झाडू आणला, रक्ताळलेली माती सारखी केली. मातीत कुठेही गोळीचं भोक नव्हतं. मग ती गुडघे टेकून हळूच म्हणाली, "डॉईल, कळपात अजून आहेत रे. येऊ देत. मी काही इथून हलत नाही."

खालून, अगदी खोलवरून, बोल्ट मागे ओढून पुन्हा पुढे बसवल्याचा ओळखीचा आवाज आला.